खेळ चालत नसेल तर पैसे परत द्या

प्रति,
मा. मुख्य आयुक्त,
केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण,
नवी दिल्ली

महोदय,

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधले कलम २(४७) आपल्याला मी वाचून दाखवायला नको. सदोष माल परत घ्यायला आणि त्याचे पैसे द्यायला नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असे ते कलम सांगते. बिलावर मुदत छापली असेल तर त्या मुदतीत, छापली नसेल तर ३० दिवसांत. कायदा २० जुलै २०२० रोजी लागू झाला, चार दिवसांनी आपले प्राधिकरण उभे राहिले. याच कायद्यातल्या ई-कॉमर्सच्या व्याख्येत डिजिटल उत्पादनांचा स्पष्ट उल्लेख आहे. असे असताना संगणकाचे खेळ डाउनलोडवर विकणारी दुकाने सदोष मालाबाबत स्वतःचाच कायदा कसा चालवतात, आणि आपण तो कसा चालू देता, हे मला आपल्याकडून ऐकायचे आहे.

मी पुण्यात बरीच वर्षे संगणकाच्या आणि प्लेस्टेशनच्या खेळांचे दुकान चालवले. आता ते बंद आहे. त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही; लोकांना घरबसल्या खेळ मिळू लागले, हे चांगलेच झाले. मीही आता तिथूनच घेतो. माझे म्हणणे एवढेच आहे की गल्ल्यावर बसून जो नियम मला पाळावा लागला, आणि जो पाळणे योग्यच होते, तो माझ्यापेक्षा हजारो पटींनी मोठ्या दुकानदाराला का लागू नाही?

बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायत सुरू केली ती याच शहरात. इथे ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असे बिलावर छापून चालत नाही. गिऱ्हाईक काउंटरवर बोट ठेवून विचारते, कुठल्या कायद्याने? माझ्याकडे कोणी डिस्क परत आणली की मी ती खोक्यातून काढून ट्यूबलाइटखाली तिरकी धरायचो. गोल चरा असेल तर तो बहुधा चालू ड्राइव्ह हलल्याने पडलेला असतो. आडवातिडवा असेल तर हाताळणीतला. आणि एकही चरा नसताना इन्स्टॉल होता होता एकाच टक्क्यावर अडकत असेल, तर दुकानातल्या संगणकावर गिऱ्हाइकासमोर लावून बघायची. तिथेही अडकली की विषय संपला. दुसरी डिस्क द्यायची, दुसरी नसेल तर पैसे द्यायचे, आणि खराब माल वितरकाकडे पाठवायचा. यात दहा-पंधरा मिनिटे जायची. गिऱ्हाईक किती वेळ खेळले, हा प्रश्न मी कोणाला कधी विचारला नाही, कारण न चालणाऱ्या डिस्कच्या बाबतीत त्या प्रश्नाला अर्थच नसतो.

नुसता आवडला नाही म्हणून सील फोडलेला खोका मी परत घेत नसे. एका रात्रीत डिस्कची नक्कल करता येत होती, आणि ते गिऱ्हाईकही जाणून होते. पण त्याच्यापुढे दुसरी वाट होती. तो खेळ मित्राला विकायचा, किंवा माझ्याकडेच जुन्यात देऊन वर थोडे पैसे घालून नवा न्यायचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत माझा निम्मा धंदा या अदलाबदलीवर चालायचा. म्हणजे खेळ बिघडलेला निघाला तर एक हक्क होता आणि आवडला नाही तर दुसरा. हे दोन हक्क वेगळे आहेत, आणि या पत्राचा सगळा भर त्या वेगळेपणावर आहे. डाउनलोडच्या दुकानांनी ते दोन्ही एकात मिसळले आहेत.

त्यांचे नियम आपल्याकडे असतीलच, तरी एकदा शेजारी शेजारी ठेवून पाहा. ‘स्टीम’ने २ जून २०१५ पासून परतावा सुरू केला : खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि खेळण्याचा वेळ २ तासांपेक्षा कमी असेल तर कारण विचारणार नाही. त्याबाहेरचा अर्जही बघू, असे म्हटले आहे, पण ते त्यांच्या मर्जीवर. ‘एपिक’चे तेच, १४ दिवस आणि २ तास. प्लेस्टेशनच्या दुकानात १४ दिवस, पण डाउनलोड सुरू केला की हक्क गेला. खेळ सदोष असेल तर अपवाद, आणि सदोष आहे की नाही ते त्यांनीच ठरवायचे. निन्टेन्डोच्या ई-शॉपमध्ये विक्री सरसकट अंतिम. दुसऱ्या बाजूला पोलंडची ‘जीओजी’ ही कंपनी २०२० पासून ३० दिवस देते, खेळ उतरवून खेळला असला तरी. म्हणजे हे करता येते, आणि करूनही धंदा चालतो.

दोन तासांची मर्यादा नावडलेल्या खेळासाठी असेल तर मला ती मान्य आहे. लहान कंपन्यांचे काही खेळ दोन-तीन तासांत संपतात. ते संपवून पैसे परत मागणारे लोकही असतात, आणि त्यात नुकसान त्या चार-पाच माणसांच्या कंपनीचे होते. मी दुकानदार होतो, फसवणारी गिऱ्हाइके मीही पाहिली आहेत. पण हेच दोन तासांचे घड्याळ खेळ चालत नाही म्हणणाऱ्यालाही लावायचे, हा अन्याय आहे. हे घड्याळ नेमके काय मोजते ते पाहा. खेळाची खिडकी उघडली की ते सुरू होते. पडदा काळा राहिला तरी ते चालते. सेटिंग बदलून, ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर नवा टाकून, कंपनीच्या मदतपानावर लिहिलेले उपाय एकेक करून पाहताना तुम्ही खेळ पुन्हा पुन्हा उघडता, तो सगळा वेळ तुमच्या नावावर ‘खेळलेला वेळ’ म्हणून चढतो. २०२३ च्या मार्चमध्ये ‘द लास्ट ऑफ अस पार्ट वन’ हा खेळ पीसीवर आला. तो पहिल्यांदा उघडला की ग्राफिक्सचे शेडर तयार करत बसायचा, आणि अनेकांच्या संगणकावर त्यातच तासाभराहून जास्त वेळ गेला. परताव्याचे निम्मे घड्याळ पहिले दृश्य दिसण्याआधीच संपले. ज्याने दुरुस्तीचा प्रामाणिक प्रयत्न केला त्याचा हक्क आधी जातो, आणि ज्याने पाच मिनिटांत कंटाळून अर्ज टाकला त्याला पैसे मिळतात.

चौदा दिवसांचेही तसेच. ‘बाल्डर्स गेट ३’ या खेळाला १५० जीबी जागा लागते. शहरात फायबर आहे, तिथे एका रात्रीत काम होते. पण ज्याच्या घरी केबल पोचलेली नाही आणि जो दिवसाला २ जीबीच्या मोबाइल डेटावर आहे, त्याला एवढा मजकूर उतरवायला ७५ दिवस लागतील. परताव्याची मुदत खरेदीच्या दिवसापासून मोजतात. त्या माणसाची मुदत संपते तेव्हा त्याने खेळ उघडूनही पाहिलेला नसतो.

माझ्या जुन्या गिऱ्हाइकांपैकी एकाची मुलगी डिप्लोमा करते. प्रशिक्षणात मिळालेल्या पहिल्या विद्यावेतनातून तिने साडेतीन हजारांचा खेळ घेतला. दुकानाचे नाव लिहीत नाही, कारण प्रश्न एका दुकानाचा नाही. तिचा संगणक त्या खेळाच्या पानावर लिहिलेल्या गरजांपेक्षा वरचढ आहे. मी स्वतः एकेक आकडा ताडून पाहिला. खेळ सुरू होतो, पहिला टप्पा पार पडतो, दुसऱ्या टप्प्यात पुलावर पाय ठेवला की चित्र थिजते, आवाज अडकून तोच तो वाजत राहतो आणि त्रुटीचा संदेश दाखवून सगळे बंद पडते. दर वेळी तिथेच. कंपनीच्या पानावर इतरांनीही तेच ठिकाण सांगितले होते. तिने परतावा मागितला. उत्तर आले, खेळण्याचा वेळ दोन तासांपेक्षा जास्त असल्यामुळे अर्ज फेटाळला आहे. तिने त्रुटीच्या संदेशाची छायाचित्रे जोडून पुन्हा लिहिले. तेच वाक्य पुन्हा आले. तिसऱ्यांदा लिहिले, तेव्हाही तेच, अक्षरशः तेच. “काका, यांच्याकडे माणूस आहे की नाही?” असे तिने मला विचारले. ई-कॉमर्स नियमावलीप्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव आणि संपर्क द्यावा लागतो. आम्ही दोघांनी मिळून ते संकेतस्थळ पालथे घातले, नाव मिळाले नाही. बँकेकडे तक्रार करून पैसे परत घेता येतात, असे तिला कोणीतरी सुचवले. तसे केले तर खाते गोठवले जाऊ शकते, असे दुकानाच्या अटींत लिहिले होते. त्या खात्यात तिने आधी घेतलेले सगळे खेळ आहेत. म्हणजे एका नादुरुस्त खेळाचे पैसे मागायचे असतील तर सगळे चालू खेळ पणाला लावायचे. आमच्या बाजारात कोणी दुकानदाराने “डिस्क परत मागितलीस तर घरातल्या सगळ्या डिस्क उचलून नेईन” असे म्हटले असते, तर लोकांनी त्याचे शटर खाली ओढले असते.

आता आपल्याच नियमांकडे येतो. २३ जुलै २०२० च्या ई-कॉमर्स नियमावलीत तीन गोष्टी लिहिल्या आहेत. पहिली, ती डिजिटल उत्पादनांना लागू आहे. दुसरी, कंपनीची इथे नोंदणी नसली तरी ती भारतातल्या ग्राहकांना पद्धतशीर माल विकत असेल तर तिलाही लागू आहे. तिसरी, माल किंवा सेवा सदोष असेल, किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखी नसेल, तर परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देता येणार नाही. हे बंधन स्वतःचा माल विकणाऱ्यावर आहे, आणि दुसऱ्याच्या मंचावरून विकणाऱ्यावरही आहे. या तिसऱ्या कलमात दोन तास नाहीत. चौदा दिवस नाहीत. ‘डाउनलोड सुरू केला की हक्क गेला’ असेही नाही. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात, असे मात्र आहे. रुपयांत किंमत लावून, यूपीआयने पैसे घेऊन, दिवाळीत सवलती देऊन जे दुकान विकते, ते भारतात पद्धतशीर विकत नाही असे कोण म्हणेल?

ही दुकाने एक बचाव नेहमी करतात : आम्ही वस्तू विकतच नाही, वापरण्याचा परवाना देतो. हा बचाव आपल्या देशात टिकू नये. सर्वोच्च न्यायालयाने ५ नोव्हेंबर २००४ रोजी टाटा कन्सल्टन्सीच्या खटल्यात सांगितले की बाजारात विकली जाणारी तयार संगणकप्रणाली ही ‘वस्तू’ आहे. २ मार्च २०२१ रोजी ‘इंजिनिअरिंग ॲनालिसिस’ खटल्यात, प्राप्तिकराच्या संदर्भात, त्याच न्यायालयाने म्हटले की ग्राहक परदेशी कंपनीला संगणकप्रणालीसाठी जे पैसे देतो ते स्वामित्वहक्काचा मोबदला नसून प्रत विकत घेण्याची किंमत आहे, मग कराराला परवाना म्हणा नाहीतर आणखी काही. तरीही वस्तू नव्हे, सेवाच, असा हट्ट असेल तर तेही चालेल. कायदा दोन्हींना लागू आहे. सरकारच्याच दुसऱ्या खात्याला इथे काही अडचण आलेली नाही. परदेशी दुकान भारतातल्या ग्राहकाला डाउनलोडवर माल विकते तेव्हा १८ टक्के जीएसटी त्या दुकानाला इथे भरावा लागतो. ४,९९९ रुपयांच्या खेळात सुमारे ७६३ रुपये सरकारचे असतात. ७६३ रुपयांसाठी सरकारचा हात समुद्रापार पोचतो. उरलेल्या ४,२३६ रुपयांचा माल नासका निघाला तर त्या ग्राहकाने कोणाकडे जायचे?

ऑस्ट्रेलियात आपल्यासारखीच एक संस्था आहे, स्पर्धा आणि ग्राहक आयोग. तिने २०१४ मध्ये ‘स्टीम’च्या मालकावर, व्हॉल्व्ह कंपनीवर, खटला भरला. तेव्हा ‘स्टीम’वर परतावा नव्हताच. कंपनीचे म्हणणे होते की आमचा इथे धंदा नाही, आम्ही वस्तू देत नाही, तुमचा कायदा आम्हाला लागू नाही. मार्च २०१६ मध्ये न्यायालयाने हे म्हणणे फेटाळले. शिक्षेच्या वेळी कंपनी अडीच लाख डॉलरचा दंड पुरे म्हणत होती. डिसेंबर २०१६ मध्ये न्यायालयाने ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला, आणि ग्राहकांना त्यांचे हक्क सांगणारी सूचना संकेतस्थळावर लावायला लावली. डिसेंबर २०१७ मध्ये अपील फेटाळले गेले, एप्रिल २०१८ मध्ये तिथल्या सर्वोच्च पीठानेही दार बंद केले. त्या वेळी तिथे ‘स्टीम’चे ग्राहक सुमारे २२ लाख होते. जून २०२० मध्ये त्याच आयोगाच्या खटल्यात सोनीच्या प्लेस्टेशन कंपनीला ३५ लाख डॉलर दंड झाला. दोष काय, तर ‘डाउनलोड झाला की किंवा १४ दिवस उलटले की परतावा द्यायला आम्ही बांधील नाही’ असे ग्राहकांना सांगितले. हेच वाक्य आपल्या देशातल्या ग्राहकाला सर्रास ऐकवले जाते. २२ लाख ग्राहकांसाठी तो देश लढला. आपल्याकडे खेळणाऱ्यांची संख्या त्याहून किती जास्त आहे, हे आपल्याला माहीत आहे.

परतावा देणे तांत्रिकदृष्ट्या अवघड आहे, हेही कोणी सांगू नये. ‘बॅटमॅन : अर्कहॅम नाइट’ची पीसी आवृत्ती जून २०१५ मध्ये इतकी मोडकी आली की कंपनीने दोन दिवसांत विक्री थांबवली, ऑक्टोबरमध्ये ती पुन्हा आणली तरी दोष राहिलेच, तेव्हा किती तास खेळलात ते न बघता वर्षअखेरपर्यंत पैसे परत दिले. ‘सायबरपंक २०७७’ १० डिसेंबर २०२० रोजी आला, जुन्या प्लेस्टेशनवर चालेना, आठवड्याभरात सोनीने तो दुकानातून काढला आणि मागेल त्याला पूर्ण पैसे देऊ केले. ओरड जगभर झाली की कळ दाबली जाते. एकट्यादुकट्या ग्राहकासाठी ती दाबली जात नाही, आणि नेमके त्यासाठीच आपले प्राधिकरण आहे.

मालकीचा प्रश्न मोठा आहे, त्यावर इथे थोडेच लिहितो. युबिसॉफ्टचा ‘द क्रू’ हा खेळ २०१४ मध्ये खोक्यातही विकला गेला होता. ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद झाले आणि पैसे मोजून घेतलेला खेळ कुठेच चालेनासा झाला. घरातली डिस्कही निरुपयोगी ठरली. त्यावरून उठलेल्या मोहिमेने युरोपात १० लाखांहून जास्त सह्या मिळवल्या. कॅलिफोर्नियाने कायदा केला : परवाना देत असाल तर स्पष्ट सांगा, नाहीतर ‘विकत घ्या’ असे बटण लावू नका. १ जानेवारी २०२५ पासून तो लागू आहे. फ्रान्समध्ये ग्राहक संघटनेने डाउनलोड केलेला खेळ पुढे विकण्याचा हक्क मागितला. २०१९ मध्ये जिंकली, २०२२ मध्ये अपिलात हरली. पुनर्विक्रीचा वाद लांबचा आहे, तो आज सोडवा असे मी म्हणत नाही. पण जुना खेळ विकण्याची वाट बंद झाल्यावर सदोष खेळाच्या परताव्याचे मोल दुप्पट झाले आहे, हे लक्षात घ्या.

आपल्याकडे अधिकार नाहीत असे नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये आपणच ओलाला आदेश दिलात की परतावा कूपनमध्ये हवा की बँक खात्यात, हे ग्राहकाला निवडू द्या. टॅक्सीच्या भाड्यासाठी जे तत्त्व लावले ते पाच हजारांच्या खेळाला लावायला काय हरकत आहे? नोव्हेंबर २०२३ मध्ये आपण ग्राहकाला चकवणाऱ्या १३ क्लृप्त्यांची यादी काढली. खोटी घाई, टोपलीत गुपचूप घातलेला माल, वर्गणीचा सापळा, सगळे त्यात आहे. सदोष मालाचा हक्क खेळलेल्या वेळाच्या अटीखाली गाडून टाकणे त्यात नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, तो मुख्यतः पैशांच्या जुगारापुरता. साधा खेळ पैसे मोजून घेणारा ग्राहक त्यातही कुठे सापडत नाही.

या ग्राहकाबद्दल एक सांगतो, कारण त्याला मी लहानपणापासून पाहिले आहे. माझ्या दुकानाबाहेरच्या फुटपाथवर शंभर रुपयांत चोरीची डीव्हीडी मिळायची. तरी काही पोरे साठवलेले पैसे घेऊन आत यायची आणि खरा खोका मागायची. आज त्याच पिढीतली माणसे, आणि त्यांची मुले, फुकट मिळत असताना हजारो रुपये मोजून खेळ घेतात, कारण बनवणाऱ्याला त्याचे पैसे मिळावेत असे त्यांना वाटते. त्यांना बदल्यात काय मिळते? चोरीचा खेळ बंद पडला तर चोरणाऱ्याचे काही जात नाही. विकत घेतलेला बंद पडला तर पैसेही जातात आणि वर तीन ओळींचे नकारपत्र येते.

म्हणून मागणी अशी. कलम १८ खाली मार्गदर्शक सूचना काढून ‘आवडला नाही’ आणि ‘चालत नाही’ यांचे परतावे वेगळे करा. नावडीसाठी दुकानाने हवी ती मुदत ठेवावी. जाहीर केलेल्या क्षमतेच्या संगणकावर खेळ चालत नसेल तर खरेदीपासून किमान ३० दिवस, आणि ज्यांना उतरवायलाच वेळ लागतो त्यांच्यासाठी खेळ पहिल्यांदा उघडल्यापासून ३० दिवस, खेळलेल्या वेळाची अट न लावता पैसे परत मिळावेत, आणि ते ज्या मार्गाने दिले त्याच मार्गाने. दोष नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी दुकानाची असावी. त्यांच्याकडे प्रत्येक वेळी खेळ कुठे बंद पडला याची नोंद असू शकते, ग्राहकाकडे फक्त एक छायाचित्र असते. परतावा मागितला किंवा बँकेकडे दाद मागितली म्हणून बाकीचे खेळ गोठवता येणार नाहीत, हे वेगळ्या वाक्यात लिहा.

आणि हे सगळे होईपर्यंत थांबायची गरज नाही. २०२० ची नियमावली आजही लागू आहे, आणि कलम १९ खाली स्वतःहून चौकशी करायला आपल्याला कोणाच्या तक्रारीचीही गरज नाही. ही नियमावली खेळांच्या डाउनलोडला लागू होत नाही असे आपले मत असेल, तर ते कोणत्या कलमाच्या आधारे, हे लेखी कळवावे. लागू होते असे मत असेल, तर पहिली नोटीस कोणत्या तारखेला निघणार, ते कळवावे.

आपला,
पुण्यातील एक माजी गेम-दुकानदार